खेळांतील मनोरे आणि मीरा-भाईंदरचे मजले

शहर वसविण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. दिवाळींत अंगणांतल्या किल्ल्याखालीं मातीचें गांव मांडणारीं मुलें हीच हौस भागवीत असतात. गेल्या तीन तपांत ह्या हौसेला संगणकाचा पडदा मिळाला. १९८९ सालीं अमेरिकेंतील विल राइट ह्या गृहस्थांचा ‘सिम सिटी’ हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि २०१५ सालीं फिनलंडमधील कलॉसल ऑर्डर ह्या मंडळीनें ‘सिटीज: स्कायलाइन्स’ हा खेळ तयार केला. खेळाडूनें रस्ते आंखावे, नळ टाकावे, वीज पुरवावी, आणि पडद्यावर शहर वाढतांना पाहावें, असें ह्या खेळांचें स्वरूप आहे. ते खेळणाऱ्यांना लवकरच एक प्रश्न पडतो : उंच इमारत अमक्याच ठिकाणीं कां उगवली, शेजारच्या चौकांत कां नाहीं, आणि ती मोठी होऊन किती मोठी होणार? मीरा रोड किंवा भाईंदर येथील चार मजली जुन्या इमारतींत राहणाऱ्या कुटुंबापुढेंही आज हाच प्रश्न उभा आहे. तेथें तो करमणुकीचा मात्र नाहीं. पडद्यावरचें उत्तर आणि गल्लींतलें उत्तर हीं शेजारीं ठेवून पाहिलीं, तर इमारतींच्या उंचीचें शास्त्र पुष्कळसें उलगडतें.

प्रथम खेळांतील व्यवस्था पाहावी. ह्या खेळांत खेळाडू सामान्यतः एकेक घर स्वहस्तें बांधीत नाहीं. तो रस्ता आंखतो आणि रस्त्यालगतच्या जमिनीला रंग देतो. येथें विरळ वस्ती, येथें दाट वस्ती, येथें दुकानें, येथें कारखाने, इतकेंच तो ठरवितो. घरें त्यानंतर आपोआप उगवतात. जवळ शाळा, दवाखाना, उद्यान असेल, तर जमिनीचें मोल चढतें, आणि मोल चढलें म्हणजे ठेंगण्या घराच्या जागीं मोठें घर येतें. एखाद्या भागांत मनोरे नकोत असें खेळाडूस वाटलें, तर त्या भागापुरती उंच इमारतींस बंदी करण्याची सोय ‘सिटीज: स्कायलाइन्स’मध्यें आहे. म्हणजे मनोरा कोठें यावा हें खेळाडू हुकुमानें ठरवीत नाहीं. तो परिस्थिति निर्माण करितो आणि मनोरा त्या परिस्थितीचें फळ म्हणून येतो. ही कल्पना शास्त्राधारावांचून आलेली नाहीं. जे फॉरेस्टर ह्या अमेरिकन अभियंत्यानें १९६९ सालीं शहराच्या वाढीचें व ऱ्हासाचें गणित संगणकावर मांडणारा ग्रंथ लिहिला होता, आणि राइट ह्यांनीं आपला खेळ रचतांना त्याचा आधार घेतला.

आतां आकाराची मर्यादा. पहिल्या ‘सिम सिटी’त प्रत्येक वस्तीचा तुकडा तीन चौकटी लांब व तीन चौकटी रुंद, म्हणजे नऊ चौकटींचा असे, इमारत कितीही उंच झाली तरी तिला ह्या तुकड्याबाहेर पाय टाकतां येत नसे. ‘सिटीज: स्कायलाइन्स’मध्यें एक चौकट ८ मीटरांची आहे, आणि रस्त्यापासून चार चौकटींपर्यंतच जमिनीला रंग देतां येतो. आपोआप उगवणारी मोठ्यांत मोठी इमारत त्यामुळें चार चौकटी रुंद व चार चौकटी खोल, म्हणजे ३२ मीटर लांबी-रुंदीच्या, सुमारे हजार चौरस मीटरांच्या तुकड्यावर बसते. २०२३ सालीं निघालेल्या दुसऱ्या खेळांत ही खोली सहा चौकटींपर्यंत वाढविली गेली. ही मर्यादा गणनेच्या सोयीसाठीं आहे. संगणकाला हजारों इमारतींचा हिशेब एकाच वेळीं ठेवावयाचा असतो, आणि तुकडे ठराविक असले म्हणजे तो हिशेब सोपा होतो.

खऱ्या शहरांतील मर्यादा मात्र सोयींतून निघाली नाहीं. ती संकटांतून निघाली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. दाटीवाटीच्या चाळींत उजेड नव्हता, वारा नव्हता, आणि माणसें पटापट मरत होतीं. त्यानंतर १८९८ सालीं मुंबईचें सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजेच लोकांच्या तोंडीं असलेलें ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन झालें. ह्या मंडळाच्या कारकीर्दींत साडेत्रेसष्ट अंशांचा उजेडाचा नियम पुढें आला. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून आकाशाकडे साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनांत एक रेघ कल्पावी, आणि समोरच्या इमारतीनें ती रेघ छेदूं नये, असा त्याचा आशय आहे. शाळेंत त्रिकोणमिति शिकलेल्यांस हें चटकन समजेल : ह्या कोनांत उंची ही अंतराच्या बरोबर दुप्पट पडते. दोन इमारतींमध्यें ९ मीटरांची मोकळी जागा असेल, तर समोरची इमारत १८ मीटर उंच होऊं शकते, अधिक नव्हे. उंचीवर ही जी वेसण घातली गेली, तिच्या मुळाशीं शेजाऱ्याचा उजेड आहे.

अमेरिकेंतही असेंच घडलें. न्यूयॉर्क शहरांत १९१५ सालीं इक्विटेबल बिल्डिंग नांवाची प्रचंड इमारत उभी राहिली. तिच्या सर्व मजल्यांचें मिळून क्षेत्रफळ तिच्या जमिनीच्या जवळजवळ तीसपट होतें, आणि तिच्या सावलीखालीं आजूबाजूचे रस्ते अंधारले. पुढच्याच वर्षीं, १९१६ सालीं, त्या शहरानें नियम केला कीं इमारत वर जातां जातां पायऱ्यापायऱ्यांनीं मागें सरत जावी. जुन्या छायाचित्रांत न्यूयॉर्कचे मनोरे उतरंडीसारखे दिसतात, त्याचें कारण हेंच. तेथें १९६१ सालीं, व मुंबईंत १९६४ च्या सुमारास, उंचीऐवजीं एकंदर बांधकामाचें माप धरण्याची पद्धति आली. तिलाच चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. बोलतांना बहुतेक लोक एफ. एस. आय. एवढेंच म्हणतात.

हा शब्द रोज कानीं पडतो, तरी त्याचा अर्थ पुष्कळांच्या मनांत धूसर असतो. सर्व मजल्यांवरील चटईक्षेत्राची बेरीज करावी आणि तिला जमिनीच्या क्षेत्रफळानें भागावें, म्हणजे हा निर्देशांक निघतो. जमीन १,००० चौरस मीटर आहे आणि निर्देशांक ३ आहे, असें धरूं. एकंदर ३,००० चौरस मीटर बांधकाम होईल. प्रत्येक मजला ५०० चौरस मीटरांचा केला, तर सहा मजले होतील. ३०० चा केला, तर दहा. आणि १५० चा केला, तर वीस. बांधकाम तेवढेंच, परंतु एके ठिकाणीं बसकी इमारत आणि दुसऱ्या ठिकाणीं बारीक मनोरा. म्हणून ‘निर्देशांक वाढला, आतां मनोरा येणार’ असें म्हणणें अपुरें आहे. निर्देशांक किती माणसें यावयाचीं तें सांगतो. तीं माणसें किती उंचीवर राहतील, हें दुसऱ्या नियमांवर अवलंबून असतें.

हे दुसरे नियम मीरा-भाईंदरांत कसे लागू पडतात, हें पाहण्यापूर्वीं त्या भूमीची ओळख करून घेतली पाहिजे. भाईंदर, मीरे, काशी, घोडबंदर, नवघर, खारी, गोडदेव, राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन अशीं हीं मूळचीं गांवें. काशी आणि मीरे ह्या दोन नांवांच्या सांध्यांतूनच काशिमीरा हें नांव झालें. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि मध्यें सपाट खारट जमीन. शेतें, मिठागरें आणि मासेमारी ह्यांवर येथील लोकांचा चरितार्थ चाले. १९८५ सालीं येथें नगरपरिषद झाली आणि २००२ सालीं महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेंत लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्यें ती ५ लाख २० हजार झाली, आणि २०११ मध्यें ८ लाख ९ हजार. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढ! मुंबईंत घर न परवडणारीं कुटुंबें रेल्वेच्या आधारानें येथें आलीं, आणि त्यांच्यासाठीं तळमजला व वर चार मजले अशा, उद्वाहन नसलेल्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांतल्या कित्येक आतां जीर्ण झाल्या आहेत. चौथ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन चढणाऱ्या वृद्धांना पुनर्विकासाचें, म्हणजे जुनी इमारत पाडून नवा मनोरा उभारण्याचें, आकर्षण वाटावें ह्यांत नवल नाहीं.

डिसेंबर २०२० मध्यें राज्य शासनानें बृहन्मुंबई व आणखी कांहीं क्षेत्रें वगळून सर्व महाराष्ट्रासाठीं एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. मीरा-भाईंदर तिच्याखालीं येतें. ह्या नियमावलीनें गांवठाणाची दाट वस्ती सोडून इतर भागांतील इमारतींस मूळ निर्देशांक १.१ इतका ठेविला. त्यावर शासनास अधिमूल्य भरून, आणि हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टी. डी. आर., विकत घेऊन वाढ मिळते. परंतु ती वाढ समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बांधलेली आहे. रस्ता ९ मीटरांहून अरुंद असेल, तर मूळ १.१ वरच थांबावें लागतें. ९ मीटर असेल, तर बेरीज २ पर्यंत जाते. रस्ता रुंद होत जाईल तशी ती पायरीपायरीनें वाढते, आणि ३० मीटर व त्याहून रुंद रस्त्यावर ३ पर्यंत पोंचते. जिने, उद्वाहनें, सज्जे ह्यांसाठीं निवासी इमारतींत ह्याशिवाय साठ टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र मिळूं शकतें. जमीन तेवढीच, मालक तोच, तरी मागच्या अरुंद गल्लींतली इमारत आणि हमरस्त्यावरची इमारत ह्यांचें भाग्य निराळें असतें. एकाच संकुलांतल्या दोन सोसायट्यांना विकासकांकडून निराळे देकार कां येतात, ह्याचें उत्तर बहुधा ह्या रस्त्याच्या मापांत सांपडतें.

येथें खेळ आणि शहर ह्यांची फारकत होते. ‘सिटीज: स्कायलाइन्स’मध्यें सर्वांत साध्या दुपदरी रस्त्याची रुंदी दोन चौकटी, म्हणजे १६ मीटर असते, आणि तेवढ्या रस्त्यावरही गगनचुंबी इमारत बिनदिक्कत उगवते. दुसरी मौज अशी कीं, त्या खेळांतील नागरिकाला गाडी उभी करावयास जागा मिळाली नाहीं, तर ती गाडी जणूं त्याच्या खिशांत जाते व पुन्हां हवी तेव्हां बाहेर येते. मीरा रोडच्या रहिवाशास असा खिसा नाहीं! त्याची गाडी रस्त्याच्या कडेला लागते, ९ मीटरांचा रस्ता पांच-सहा मीटरांचा होतो, आणि आग लागल्यास अग्निशमनाचा बंब वळणावरच अडतो. रस्त्याची रुंदी आणि निर्देशांक ह्यांची सांगड घालणारा नियम कागदावर शहाणपणाचा आहे. तो शहाणपणा गल्लींत टिकावा, ह्यासाठीं रस्ता प्रत्यक्ष मोकळा राहणें अवश्य आहे.

दुसरी फारकत मोकळ्या जागेची. नियमावलीप्रमाणें उंच इमारतीच्या बाजूंस व पाठीमागें सोडावयाची जागा साधारणतः तिच्या उंचीच्या पांचव्या हिश्श्याइतकी असते, मात्र ती १२ मीटरांपलीकडे मागितली जात नाहीं. ६० मीटर उंचीची इमारत घेतली, तर प्रत्येक बाजूस १२ मीटर सुटले पाहिजेत. आतां खेळांतील ३२ मीटर रुंदीच्या तुकड्यावर हा नियम लावून पाहावा. दोन्ही बाजूंचे मिळून २४ मीटर गेले, उरले ८. आठ मीटर रुंदीचा वीस मजली मनोरा म्हणजे उभी पट्टीच होय. त्यांत जिना व उद्वाहन बसविल्यावर घराला खोली उरावयाची नाहीं. पडद्यावर हजार चौरस मीटरांत डौलानें उभा राहणारा मनोरा खऱ्या जमिनीवर ह्या कारणानें उभा राहूं शकत नाहीं. म्हणूनच पुनर्विकासांत दोन-तीन लहान सोसायट्यांनीं आपल्या जमिनी एकत्र कराव्या, असें वारंवार सुचविलें जातें. भूखंड मोठा झाला म्हणजे कडेची जागा सोडूनही मध्यें पुरेशी जमीन राहते.

ह्याखेरीज आणखीही कांहीं बंधनें आहेत, आणि तीं खेळांत फारशीं दिसत नाहींत. विमानतळाच्या भोंवतीं ठराविक अंतरापर्यंत इमारतीच्या माथ्याला मर्यादा असते, आणि ती जमिनीपासून न मोजतां समुद्रसपाटीपासून मोजतात. त्यामुळें टेकडीवरच्या इमारतीस सखल भागांतल्या इमारतीपेक्षां कमी मजले मिळतात. २४ मीटरांवर गेलेल्या इमारतींत आगीच्या वेळीं रहिवाशांनीं थांबावें म्हणून मोकळी आश्रयाची जागा ठेवावी लागते. खाडीकांठची कांदळवनें राखीव आहेत, आणि राष्ट्रीय उद्यानाभोंवतीं २०१६ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा घोषित झाला. खारट चिखलाच्या जमिनींत पाया वरवर घालून भागत नाहीं. खोल खांब उतरवून खालच्या घट्ट थरापर्यंत पोंचावें लागतें.

परंतु सर्वांत मोठें बंधन पाण्याचें. २००३ सालच्या ‘सिम सिटी ४’ ह्या खेळांत एक मार्मिक नियम आहे : विरळ वस्तीचें घर नळावांचून उभें राहतें, मध्यम किंवा दाट वस्तीची इमारत मात्र पाणी पोंचल्याशिवाय उगवतच नाहीं. खेळाडूनें कितीही रंग दिला, तरी जमीन रिकामी राहते. खऱ्या शहरांत हा क्रम पुष्कळदां उलटतो. आधीं इमारत, मग माणसें, मग टँकर, आणि सर्वांच्या शेवटीं जलवाहिनी!

हिशेब करून पाहावा. शहरी माणसास दररोज १३५ लिटर पाणी लागतें, असें प्रमाण भारतांत धरलें जातें. जुन्या चार मजली इमारतींत वीस घरें आणि घरागणिक पांच माणसें धरलीं, तर शंभर माणसांना १३,५०० लिटर पाणी लागेल. त्याच जमिनीवर तिप्पट बांधकाम होऊन साठ घरें झालीं, तर ४०,५०० लिटर लागेल. एका इमारतीचें हें झालें. गल्लींत अशा दहा इमारती असतील, तर तीच जुनी नळी रोज चार लाखांहून अधिक लिटर कोठून देणार? डहाणू-पालघरकडील सूर्या प्रकल्पांतून मीरा-भाईंदरच्या वांट्यास दररोज २१८ दशलक्ष लिटर पाणी योजिलेलें आहे. योजना मोठी आहे आणि तिची गरजही मोठी आहे. पण धरणांतलें पाणी शहराच्या वेशीपर्यंत येणें आणि विसाव्या मजल्यावरच्या नळांतून पडणें, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. मध्यें शहरांतल्या वाहिन्या, टाक्या, पंप आणि त्यांचें वीजबिल आहे. वर पाणी चढविण्याचा हा खर्च दरमहा रहिवाशांच्याच माथीं बसतो. नव्या घराचें क्षेत्रफळ विचारणाऱ्या कुटुंबानें नव्या घराचा देखभालखर्चही तितक्याच आस्थेनें विचारला पाहिजे.

शेवटची फारकत माणसांची आहे. खेळांत एक कळ दाबली कीं जुनी इमारत भुईसपाट होते. तिच्यांतलीं माणसें कोठें गेलीं, हें खेळाडूस विचारावें लागत नाहीं. खऱ्या शहरांत इमारत पाडण्यापूर्वीं तिच्यांतल्या माणसांची संमति लागते. सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठीं राज्य शासनानें ४ जुलै २०१९ रोजीं काढलेल्या निर्देशांत एक्कावन टक्के सभासदांच्या संमतीची तरतूद आहे. दुसरी अडचण मालकीची. १९६३ च्या महाराष्ट्र मालकीसदनिका कायद्यानें इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नांवें करून देणें हें बांधणाऱ्याचें कर्तव्य ठरविलें. तरी पुष्कळ ठिकाणीं तें झालेलें नाहीं. अशा सोसायटीला सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवितां येतें, आणि पुनर्विकासाचा विचार करण्याआधीं तें मिळविणें हिताचें असतें. जमिनीचा कागद हातीं नसतांना मजल्यांचें स्वप्न पाहणें म्हणजे बाजारांत तुरी म्हणण्यासारखेंच आहे.

मग हे खेळ निरुपयोगी समजावे काय? तसें नाहीं. उंची ही इमारतीची स्वतःची मिळकत नसून रस्ता, पाणी आणि शेजारीपाजारीं असलेल्या सोयी ह्यांनीं तिला दिलेली ती उसनवार आहे, हें तत्त्व मुलांच्या मनावर ठसविण्यास एखाद्या पुस्तकापेक्षां असा खेळ अधिक उपयोगी पडेल. त्याची उणीव निराळीच आहे. खेळांतले नियम पडद्यामागें दडलेले असतात, आणि खेळाडूस ते पाहतां येत नाहींत, बदलतां येत नाहींत. शहराचे नियम छापील असतात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. आपल्या गल्लीच्या रस्त्याची रुंदी योजनेंत किती दाखविली आहे, शाळेचें किंवा उद्यानाचें आरक्षण कोणत्या जागेवर आहे, हें कोणाही रहिवाशास पाहतां येतें.

तेव्हां पुनर्विकासाचा देकार घेऊन कोणी दारीं आला, तर मीरा-भाईंदरच्या कुटुंबानें किती मजले होणार, हा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारावा. त्यापूर्वीं विचारावयाचे प्रश्न चार. समोरचा रस्ता योजनेप्रमाणें किती रुंद आहे आणि प्रत्यक्ष किती मोकळा आहे? वाढलेल्या घरांना पाणी कोठून व केव्हां मिळणार? चारही बाजूंस किती जागा सुटणार? आणि जमिनीचा कागद कोणाच्या नांवें आहे? ह्या चारांचीं उत्तरें लेखी मिळालीं, म्हणजे पांचव्याचें उत्तर त्यांतूनच निघतें, आणि मग नवी इमारत दहा मजल्यांची असो वा वीस मजल्यांची, तिच्यांत राहावयास जाणाऱ्यांना स्वस्थ झोंप लागण्यास हरकत नाहीं.